पाचशे बिया, वीस डिश

[दृश्य: काळ्या टेबलावर उघड्या पेट्री डिश. चिमट्याने एकेक बी फिल्टर पेपरवर ठेवली जातेय.]

एका डिशमध्ये मुळ्याच्या २५ बिया. अशा २० डिश. पाच डिशमध्ये ऊर्ध्वपातित पाणी, पुढच्या पाचांत ५० मिलिमोलर मीठ (दर लिटर द्रावणात मीठ किती, ते सांगणारं एकक), मग १००, मग १५०. अमेरिकेतल्या विद्यापीठात जीवशास्त्राच्या ऑनर्स, म्हणजे स्वतःचं संशोधन करून विशेष पदवी घेणाऱ्या, विद्यार्थ्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एवढासा असू शकतो. खरं तर एवढासाच असावा.

[दृश्य: वहीचं पान. खोडलेली शीर्षकं, एकाखाली एक.]

सप्टेंबरातलं हे पान. सर्वांत वर लिहिलंय, ‘क्षारपड जमिनीचा पिकांवर परिणाम’. कुठली जमीन? कुठलं पीक? परिणाम मोजायचा कशाने? त्याखाली ‘मिठाचा भाज्यांच्या वाढीवर परिणाम’, तेही खोडलेलं. चौथ्या ओळीत प्रश्न हाती लागतो: मिठाचं प्रमाण वाढवत नेलं, तर ७ दिवसांत मुळ्याच्या किती बिया उगवतात? मार्गदर्शक प्राध्यापक पहिल्या भेटींमध्ये मुख्यतः हेच करून घेतात. मोठा शब्द दिसला की खोडायचा आणि त्याच्या जागी आकडा मागायचा. प्रोजेक्ट बुडतात ते बहुधा याच पानावर. कळतं मात्र मार्चमध्ये.

विषय बियांचा आहे म्हणून कागदपत्रं थोडक्यात आटोपली. माणसांना प्रश्नावली द्यायची असती, तर आधी विद्यापीठाच्या आयआरबीकडे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाची तपासणी करणाऱ्या समितीकडे जावं लागलं असतं. तिच्या निर्णयाआधी उत्तरं गोळा करून ठेवली, तर ती प्रबंधात, म्हणजे प्रोजेक्टच्या लेखी अहवालात, वापरता येत नाहीत.

[दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र, दगडी इमारत.]

ऑनर्सची ही पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, फ्रँक एडेलॉट. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले एडेलॉट १९२१ मध्ये स्वॉर्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १९२२ पासून तिथे ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू झाला. छोटे सेमिनार, आणि परीक्षा घ्यायला बाहेरच्या संस्थांमधले प्राध्यापक. ज्याने शिकवलं त्यानेच पास करायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. आज प्रबंधाला मार्गदर्शकाखेरीज दुसरा वाचक लागतो, त्यामागेही हाच विचार दिसतो.

[दृश्य: तराजूवर मीठ. आकडा स्थिरावतो.]

८.७७ ग्रॅम मीठ विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करायचं, की १५० मिलिमोलर झालं. बाकीची दोन द्रावणं वेगळी वजनं करून बनवायची नाहीत. याचेच दोन भाग आणि पाण्याचा एक भाग घेतला की १००. एक भाग हे आणि दोन भाग पाणी, की ५०. वजन तीनदा केलं तर चुकायलाही तीन जागा मिळतात.

[दृश्य: डिशच्या बुडाशी मार्करने लिहिणारा हात.]

हात कुठे लिहितोय ते पाहा. झाकणावर लिहिलं तर मोजणीच्या वेळी चार झाकणं एकदम उघडली जातात, दोन अदलाबदल होतात, आणि कुठली डिश कुठली हे सांगायला कोणी उरत नाही. म्हणून नाव बुडावर, कडेला, मुळं दिसायला आड येणार नाही असं. डिशच्या कडेला पॅराफिल्मची, म्हणजे ताणून चिकटणाऱ्या मेणचट पातळ पडद्याची, पट्टी. ती नसेल तर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि सोमवारचं १०० मिलिमोलर शुक्रवारी १०० राहत नाही.

डिश ट्रेमध्ये प्रमाणानुसार ओळीने लावल्या की छान दिसतात. तसं करू नये. दिव्याखाली मध्यभाग जास्त तापतो, कडा कमी. मग दिसलेला फरक मिठाचा की दिव्याचा? चिठ्ठ्या काढून जागा ठरवायच्या.

[दृश्य: वेगवान चित्रण. सात दिवस वीस सेकंदांत.]

मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की बी उगवली असं धरायचं. ही व्याख्या पहिल्याच दिवशी वहीत लिहायची आणि मोजणी रोज त्याच तासाला करायची. तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसली, तर बिया आधी सौम्य ब्लीचमध्ये बुडवून नीट धुतल्या नव्हत्या असा पहिला संशय घ्यावा. अशा अडचणी आधीच कळाव्यात म्हणून चार डिशची चाचणी ऑक्टोबरातच उरकायची. नुसत्या पाण्यातच निम्म्या बिया उगवल्या नाहीत, तर बियाणं जुनं आहे. मिठाला दोष देण्यात अर्थ नाही.

[दृश्य: संगणकावर तक्ता. कर्सर एका रकान्यावर थांबतो.]

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. तक्त्यात नमुन्यांची संख्या ५०० लिहिली जाते. पण एका डिशमधल्या २५ बिया एकच कागद, एकच पाणी, एकच झाकण वाटून घेतात. त्यांना २५ स्वतंत्र साक्षीदार म्हणता येत नाही. मीठ दिलं गेलं डिशला, म्हणून एकक डिश. प्रत्येक प्रमाणाला पाच, एकूण वीस. दर डिशची उगवण टक्क्यांत काढायची आणि तुलना त्या वीस आकड्यांची करायची. निकाल ५०० धरून जितका झळकतो तितका २० धरून झळकत नाही. चालेल.

[दृश्य: छापील पानं, समासात लाल शाई.]

लिहायला बसताना प्रस्तावनेपासून सुरुवात करू नये. कार्यपद्धतीचं प्रकरण डिश टेबलावर असतानाच लिहून होतं, प्रस्तावना शेवटी. दुसऱ्या वाचकाला पूर्ण मसुदा निदान तीन आठवडे आधी द्यावा. आदल्या रात्री दिला तर तो फक्त स्पेलिंग तपासतो. छापील प्रत बांधायची असेल तर डावा समास दीड इंच, नाहीतर ओळींची सुरुवात शिवणीत जाते.

[दृश्य: बंद दार. मग सहीचं पान.]

तोंडी परीक्षा झाली, सह्या झाल्या, गुणपत्रकावर ऑनर्सची नोंद होईल.

[दृश्य: पीडीएफ चढवण्याची खिडकी.]

ग्रंथालयाच्या संग्रहात फाइल चढवताना एक प्रश्न येतो: प्रबंध लगेच खुला करायचा, की काही काळ बंद ठेवायचा? हाच निकाल पुढे शोधनिबंध म्हणून छापायचा बेत असेल, तर उत्तर मार्गदर्शकाला विचारून द्यावं. आणि फाइलसोबत वीस डिशचा मूळ तक्ताही चढवावा, बुरशी लागलेल्या डिशसकट.