हा लेख नेमका कशाबद्दल आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

वाचलेला लेख कशाबद्दल होता, असं कुणी विचारलं की आपण बहुधा त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट सांगतो. पण तीच लेखाचा विषय असेल असं नाही. आपल्याकडच्या मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचं शास्त्र मांडणाऱ्यांनी, हे पुरतं ओळखलं होतं. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला त्यांचा एक श्लोकच आहे:

उपक्रमोपसंहारावभ्यासोऽपूर्वता फलम् ।
अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥

आरंभ आणि शेवट काय आहे, पुन्हा पुन्हा काय येतं, नवं काय सांगितलंय, त्यातून निष्पन्न काय होतं, ओघात आलेली स्तुती किंवा दृष्टान्त कोणते आणि खरा युक्तिवाद कोणता, हे पाहावं.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी हीच कसोटी गीतेला लावली. गीतेत ज्ञान आहे, भक्ती आहे, संन्यासाचीही चर्चा आहे. पण आरंभी अर्जुन 'न योत्स्ये' म्हणून गप्प बसतो, शेवटी 'करिष्ये वचनं तव' म्हणतो, आणि मध्ये 'तस्माद्युध्यस्व', 'युध्य च' हे येत राहतं. म्हणून गीतेचा मुख्य विषय कर्मयोग, असं टिळकांनी मांडलं. हा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही. त्यांची रीत मात्र कुणालाही वापरता येते, आणि मला ती फार मोलाची वाटते.

आता एक साधा उतारा घ्या. पहिल्या वाक्यात उन्हाळ कांद्याचा भाव कोसळलेला. मग लासलगावचा लिलाव, ट्रॅक्टरांची रांग, व्यापाऱ्यांची बोली, सगळं झकास रंगवलेलं. त्यानंतर हवा खेळती राहील अशी कांदाचाळ, चाळीत कांदा का टिकतो, आणि शेवट 'चाळ असती तर शेतकरी थांबू शकला असता' असा. मुलं हमखास शीर्षक देतात, 'लासलगावचा बाजार'. जागा बाजारानेच जास्त अडवलीय ना! पण बाजाराचं वर्णन काढून टाकलं तरी उतारा उभा राहतो. चाळ काढली की पहिल्या वाक्याचा शेवटच्याशी संबंधच उरत नाही. विषय आहे कांद्याची साठवण.

मला वाटतं, सगळ्यांत जास्त फसवतो तो श्लोकातला अर्थवाद, म्हणजे ओघात आलेली स्तुती, दृष्टान्त किंवा वर्णन. लिहिणारा जिथे रंगतो, तिथेच आपणही रमतो. म्हणून मुलांना उतारा दिलात, की आधी पहिलं आणि शेवटचं वाक्य लागोपाठ मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा, इथून तिथपर्यंत लेखक कशाच्या आधारे पोचला?