फॅसिझमची शैली कोणती? म्युनिक १९३७ची दोन प्रदर्शनं

[पडद्यावर: 'जर्मन कला भवना'चा खांबांचा दर्शनी भाग]

नमस्कार मंडळी. १८ जुलै १९३७, म्युनिक. हिटलर एका कोऱ्या करकरीत कलादालनाचं उद्घाटन करतो. आत पिळदार देहांचे पुतळे, नांगरणारे शेतकरी, लेकुरवाळ्या आया. दुसऱ्याच दिवशी, चालत जाण्याइतक्या अंतरावर, दुसरं प्रदर्शन उघडतं. नाव 'विकृत कला', हेतू टिंगल. तिथे क्ले, कान्डिन्स्की, किर्शनर, बेकमान असे आधुनिक चित्रकार. पहिलं प्रदर्शन बघायला चार लाखांच्या आसपास लोक आले. दुसऱ्याला नोव्हेंबरअखेर वीस लाख!

यावरून बरेच जण सरळ हिशोब मांडतात: फॅसिझमला घोटीव, वास्तवदर्शी चित्रं आवडतात आणि आधुनिक कलेचं त्याला वावडं असतं. हा हिशोब इटलीत गेलं की लगेच कोसळतो.

[पडद्यावर: रोम, १९३२]

हुकूमशहा मुसोलिनीच्या फॅसिस्ट सत्तेला दहा वर्षं झाली म्हणून रोममध्ये भव्य प्रदर्शन भरलं. लिबेरा आणि दे रेन्झी या वास्तुकारांनी जुन्या प्रदर्शन-भवनाचा नक्षीदार दर्शनी भाग चक्क झाकून टाकला आणि समोर २५ मीटर उंचीच्या, कुऱ्हाड खोचलेल्या काठ्यांच्या धातूच्या चार मोळ्या उभ्या केल्या. ही मोळी म्हणजे फॅसिस्टांचं चिन्ह. आत तेराग्नी या वास्तुकाराचं दालन बघा: छायाचित्रं कापून, जोडून, भिंतभर मोठी केलेली. त्या काळातली सगळ्यात आधुनिक मांडणी. मुसोलिनीला 'तरुण, वेगवान इटली' विकायची होती, त्याला हे सोयीचं होतं. तिथल्या आधुनिक चित्रकारांची मोट बांधणारी मार्गेरिता सारफात्ती मुसोलिनीच्या अगदी जवळची होती. पण ती ज्यू. १९३८ला ज्यूविरोधी वंशकायदे आले आणि तिला देश सोडावा लागला. तिच्या चित्रकारांची शैली सरकारी इमारतींच्या भिंतींवर तशीच राहिली.

म्हणजे शैली हा मुद्दा दुय्यम. 'राष्ट्राचा' कलाकार कोण हे ठरवायचा हक्क कोणाकडे, ही खरी गोम.

जर्मनीत हा हक्क कागदावर आला २२ सप्टेंबर १९३३ला. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सनं 'राइश संस्कृती मंडळ', म्हणजे कलाकारांवरचं सरकारी मंडळ, काढलं. त्यात सात खाती: साहित्य, संगीत, नाटक, सिनेमा, रेडिओ, वृत्तपत्रं आणि चित्र-शिल्प. सभासदत्व सक्तीचं, आणि त्यासाठी वंशाचे दाखले. कार्ड नाही तर प्रदर्शन नाही, विक्री नाही. तुमच्या कुंचल्याला हात न लावता तुमचा धंदा बंद.

आता एमिल नोल्डे घ्या. भडक रंगांचा अभिव्यक्तीवादी (जसं दिसतं तसं नव्हे, जसं वाटतं तसं रंगवणारा) चित्रकार, नाझी पक्षाचा सभासद, वर ज्यूद्वेष्टा. सुरुवातीला खुद्द गोबेल्सच्या घरात त्याची चित्रं होती. हिटलरला ती खपली नाहीत आणि विषय संपला. १९३७नंतर संग्रहालयांतून त्याच्या १,०५२ कलाकृती जप्त झाल्या. इतर कोणाही कलाकाराच्या एवढ्या गेल्या नाहीत. १९४१ला कार्डही गेलं. निष्ठा कामाला आली नाही. तो छळाला विरोध करणारा होता असं युद्धानंतर बरीच वर्षं सांगितलं गेलं, तेही खोटंच.

[पडद्यावर: 'विकृत कला'ची भिंत, जवळून]

ही भिंत जरा थांबून बघा, कारण सगळी कारागिरी इथे आहे. साडेसहाशेच्या आसपास कलाकृती, ३२ संग्रहालयांतून उचललेल्या. गोबेल्सचं फर्मान निघालं ३० जूनला, उद्घाटन १९ जुलैला. म्हणजे तीन आठवडेसुद्धा नाहीत. जागा अरुंद, एरवी प्राचीन मूर्तींचे प्लास्टरचे नमुने ठेवायची. चित्रं एकमेकांना खेटून लावलेली, काही दोरीनं टांगलेली, काही बिनचौकटीची. भिंतीवरच टिंगलीच्या ओळी खरडलेल्या. प्रवेश फुकट, पण अठराच्या आतल्यांना मनाई. गर्दी खेचायला याहून स्वस्त युक्ती नाही.

पण सगळ्यात पाजी काम केलं ते किमतींच्या चिठ्ठ्यांनी. संग्रहालयानं चित्र कितीला घेतलं तो आकडा लिहायचा आणि शेजारी मजकूर: हे कष्टकरी जनतेच्या कराच्या पैशातून. यातली काही चित्रं १९२३च्या महागाईच्या स्फोटात घेतलेली होती. त्या वर्षाअखेर नवं चलन आलं तेव्हा एका नव्या मार्कला एक लाख कोटी जुने मार्क मोजावे लागत होते. चिठ्ठीवर मात्र जुनाच आकडा. आकडा खरा, तरी लोकांची शुद्ध फसवणूक. आणि 'ज्यू कला' म्हणून जी बोंब मारली, तिथल्या ११२ कलाकारांत ज्यू होते फक्त सहा.

घोळही झाले. रुडोल्फ बेलिंग या शिल्पकाराची कामं 'विकृत'मध्ये होती, आणि त्यानंच केलेला मुष्टियोद्धा श्मेलिंगचा पुतळा हिटलरच्या नव्या दालनात दिमाखात उभा होता. ध्यानात आल्यावर 'विकृत'मधली कामं गुपचूप हलवली.

पुढचा टप्पा पैशाचा. जप्ती एकूण वीस हजारांच्या घरात गेली. रवींद्रनाथांनी १९३०मध्ये बर्लिनला दिलेली चित्रंही त्या छाटणीत निघाली. मे १९३८च्या कायद्यानं भरपाई न देता सगळं सरकारजमा झालं आणि ३० जून १९३९ला स्वित्झर्लंडच्या लुत्सर्नमध्ये १२५ कलाकृती लिलावात काढल्या. 'विकृत' चित्रांतून परकीय चलन! म्युनिकच्याच संग्रहालयातलं व्हॅन गॉगचं आत्मचित्र १,७५,००० स्विस फ्रँकला अमेरिकेत गेलं.

[पडद्यावर: मुंबई]

नाझी राजवटीच्या त्या काळात तिच्या जाचातून निसटून युरोपातून काही माणसं मुंबईत आली. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलाविभाग बघू लागला. रुडॉल्फ फॉन लायडन समीक्षा लिहू लागला. एमॅन्युएल श्लेसिंगर औषधांच्या धंद्यात शिरला आणि चित्रं विकत घेऊ लागला. १९४७ला सूझा, आरा, बाकरे, गाडे, रझा आणि हुसेन यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा त्यांची चित्रं बघणारे, त्यावर लिहिणारे आणि पदरचे पैसे देऊन ती घेणारे जे मोजके लोक होते, त्यांत हे तिघं होते.