दोन रात्री एकाच उशीवर

(मंडळाच्या वसंत मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही न्यू जर्सीहून दोनदा गाडीनं येलोस्टोनला जाऊन आलात, तर सहल कशी आखायची ते सांगा." मी त्यांना तिथेच अडवलं. पश्चिमेकडच्या त्या राष्ट्रीय उद्यानात, येलोस्टोनला, आम्ही एकदाच पोहोचलो. पहिल्या वेळी फक्त निघालो होतो. आणि आज मला जे सांगायचंय ते बरंचसं त्या न पोहोचलेल्या सहलीतच कळलं.

२०२२ चा जून. मी नोकरीत दिवसभर लोकांची वेळापत्रकं बनवते, तेव्हा घरच्या सहलीचं एक्सेल कसं असेल याची कल्पना करा. सोळा दिवस, नऊ राष्ट्रीय उद्यानं. बॅडलँड्स, विंड केव्ह, येलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्लेशियर, मग खाली वळून रॉकी माउंटन, आर्चेस आणि आणखी दोन. प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. बॅडलँड्सला मी दोन तास चाळीस मिनिटं दिली होती. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांच्या लॅपटॉपमध्ये असंच एक एक्सेल पडलेलं आहे.

मुलांच्या शाळेचे शेवटचे आठवडाभराचे दिवस बुडवून १० जूनच्या शुक्रवारी पहाटे निघालो. आपल्या टीनेकपासून सुरू होणारा आय-८० महामार्ग थेट सॅन फ्रान्सिस्कोला जातो. आम्ही तो शिकागोजवळ सोडून आय-९० धरला. पहिला मुक्काम टोलेडो, दुसरा मिसिसिपीकाठी ला क्रॉस, तिसरा साउथ डकोटातलं मिचेल. इथून येलोस्टोनपर्यंत अंतर साधारण बावीसशे मैल आहे. गूगल त्याचे तेहेतीस-चौतीस तास दाखवतो, पण गूगलच्या गाडीत लहान मुलं नसतात, 'शू' लागत नाही आणि डबा उघडायचा नसतो. गूगलचे आठ तास म्हणजे आपले साडेदहा. हा हिशोब सोडून केलेलं कुठलंही वेळापत्रक दुसऱ्या दिवशी दुपारी कोसळतं. आमचं इंडियानातच कोसळलं.

१३ जूनला संध्याकाळी वॉल नावाच्या छोट्या गावात पोहोचलो. शेकडो मैल आधीपासून रस्त्याकडेला ज्याच्या पाट्या लागतात, फुकट बर्फाच्या पाण्याची जाहिरात करणारं ते प्रसिद्ध दुकान याच गावात आहे. मोटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी किल्ली देता देता विचारलं, "पुढे कुठे?" मी म्हटलं, येलोस्टोन. त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं. पाऊस आणि वितळलेला बर्फ एकत्र येऊन नद्यांना महापूर आला होता, उत्तरेकडचा रस्ता वाहून गेला होता, आणि उद्यानाची पाचही प्रवेशद्वारं त्याच दिवशी बंद झाली होती. आत असलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांना बाहेर काढत होते.

आमचं पुढच्या पाच रात्रींचं बुकिंग त्या भागातलं. दोन ठिकाणांनी पैसे परत दिले. एकानं नाही दिले. नाव सांगणार नाही, पण त्या दिवसापासून मी वीस डॉलर जास्त मोजून रद्द करता येणारीच खोली घेते. ही टीप लिहून घ्या.

तर आम्ही वॉलमध्येच राहिलो. चार रात्री. आणि नऊ उद्यानांच्या त्या रंगीत एक्सेलमध्ये कुठेच नसलेली सहल तिथे सुरू झाली.

बॅडलँड्स म्हणजे काय, तर सपाट गवताळ माळ चाललेला असतो आणि अचानक जमीन फाटते. खाली पिवळ्या, तांबूस, राखाडी थरांचे सुळके. वर्षाला साधारण एक इंच या वेगानं ते झिजतायत. आमच्या वेळापत्रकाप्रमाणे आम्ही ते भर दुपारी बघणार होतो, म्हणजे पांढरट, चपटे, डोळे दिपवणारे. मुक्काम असल्यामुळे संध्याकाळी आठला पुन्हा गेलो. ऊन तिरपं झालं आणि एकेक थर असा सुटा होत गेला की कोणी पातळाच्या निऱ्या घालतंय असं वाटावं. मुलीनं फोन खाली ठेवला. बारा वर्षांच्या मुलीनं. आपणहून.

दुसऱ्या दिवशी तिथल्या रेंजर, म्हणजे उद्यानरक्षक, बाईंनी मुलांना सांगितलं की २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलीला उद्यानाच्या माहिती केंद्राजवळच तलवारदंती मांजराचं जीवाश्म सापडलं होतं. सापडलं तर हात लावायचा नाही, उचलायचं नाही. जागा टिपायची, फोटो काढायचा आणि येऊन सांगायचं. झालं! आमचे चिरंजीव पुढचे तीन दिवस मान खाली घालून चालत होते. तिसऱ्या दिवशी त्याला एक दात सापडला. रेंजर बाईंनी फोटो नीट पाहिला, तो दगड आहे असं सांगितलं आणि तरीही त्याच्याकडून पूर्ण फॉर्म भरून घेतला. दोन तास चाळीस मिनिटांत हे होत नाही हो.

एक दिवस ब्लॅक हिल्समध्ये काढला. डोंगरात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेलं माउंट रशमोर पाहिलं, तुम्हीही पाहाल. पण तिथे मुलांना हेही सांगा की १८६८ च्या करारानं हे डोंगर तिथल्या मूळनिवासी लाकोटा लोकांचे होते, सोनं सापडल्यावर ते काढून घेतले गेले, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंजूर केलेली भरपाई त्यांनी अजून घेतलेली नाही, कारण त्यांना पैसे नकोत, डोंगर हवेत. माझ्या मुलानं त्यावर जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

घरी परतताना नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी पार्क मोजायचे नाहीत. एका उशीवर सलग किती रात्री, ते मोजायचं." एकाच ठिकाणी निदान दोन रात्री, जमलं तर चार. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे सामान चढवणं-उतरवणं, दात घासणं आणि चार्जर विसरणं. तो मुक्काम फक्त रस्ता कापायच्या दिवशी.

मग २०२४ च्या जुलैमध्ये सासूबाई वाईहून आल्या होत्या, तेव्हा पुन्हा निघालो. एकोणीस दिवस, दोनच मुख्य थांबे: बॅडलँड्स तीन रात्री, येलोस्टोन आणि टीटन मिळून सहा. आईंचं वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे. सू फॉल्सच्या एका दुकानातून त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेतली. पूर्ण सहलीत त्याहून चांगली खरेदी झाली नाही.

ज्यांचे आई-बाबा बरोबर असतील त्यांनी उंचीचा विचार आधी करावा. येलोस्टोनचं मोठं तळं समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून सातशे मीटर वर. धाप लागते, डोकं चढतं, रात्री जुलैतही स्वेटर लागतो. पहिला दिवस बसून काढा, पाणी जास्त प्या, रक्तदाबाच्या गोळ्या हाताशी ठेवा, डिकीत तळाला नको. आणि त्यांचा प्रवासी आरोग्य विमा निघण्याआधी वाचा. मी वाचला नव्हता, नशिबानं लागला नाही.

येलोस्टोन १ मार्च १८७२ चं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. आपल्याला 'नॅशनल पार्क' म्हटलं की बोरिवली आठवतं, दुपारी जाऊन संध्याकाळी परत. हे आख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठं आहे. आतला इंग्रजी आठच्या आकाराचा रस्ता १४२ मैलांचा, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४५. कागदावर चार तास दिसतात. प्रत्यक्षात बायसनचा, म्हणजे अमेरिकी रानगव्यांचा, कळप रस्त्यावर आला की गाड्या थांबतात आणि कळपाला आपल्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नसतं. आम्ही एकदा पाऊण तास उभे होतो. पुढच्या गाडीतला एक जण फोटोसाठी खाली उतरला. असं करू नका. बायसनपासून किमान २५ यार्ड, अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड, हा तिथला नियम आहे. गरम झऱ्यांच्या भागात लाकडी वाट सोडून पाऊलही बाहेर टाकायचं नाही. आम्ही परतलो आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलैला, बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालच्या वाफेचा स्फोट होऊन ती लाकडी वाटच मोडली. सुदैवानं कोणी जखमी झालं नाही. आठवड्यापूर्वी आईंची खुर्ची तिथून फार लांब नव्हती.

त्या खुर्चीचं सांगते. हेडन व्हॅलीत रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत आम्ही ती उघडली. आई वाईच्या घाटावर बसाव्यात तशा पदर खोचून बसल्या ते तीन तास. आम्ही अधूनमधून विचारत होतो, "कंटाळलात का?" त्या हातानंच 'गप' म्हणायच्या. शेजारी दुर्बीण लावून बसलेल्या एका आजोबांनी खूण करून बोलावलं. आईंनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग मागे न वळता म्हणाल्या, "अगं, तिच्याबरोबर पिल्लं आहेत." अस्वलीण होती, दोन पिल्लांची. त्या आजोबांना मराठी येत नव्हतं, आईंना इंग्रजी जेमतेम, पण पुढचा तासभर दोघं बोटांनी गप्पा मारत होते.

आता खाण्याचं, कारण सगळ्यांत जास्त प्रश्न त्यावरच येतात. पहिले दोन दिवस दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या टिकतात. नंतर मेतकूट, भाजणी, लाडू, भाजलेल्या रव्यात फोडणी घालून केलेलं उपम्याचं तयार मिश्रण आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर. खोलीत फोडणी करू नका. मी २०२२ मध्ये मिचेलच्या मोटेलात केली होती, मोहरी तडतडायच्या आधी धुराचा भोंगा वाजला आणि पायजम्यातली निम्मी वस्ती पार्किंगमध्ये आली. फोडणी घरूनच डबीत न्यावी.

आणि हिंग. टीटनला तंबूच्या जागेवर रेंजर विचारून गेला, वास येणारं काही गाडीबाहेर नाही ना? तिथे प्रत्येक जागी अस्वलांसाठी, म्हणजे अस्वलांपासून, लोखंडी पेटी असते. खाणंच नव्हे, टूथपेस्ट आणि क्रीमसुद्धा त्यात ठेवायचं. आईंनी पिशवीतून हिंगाची डबी काढून त्याच्या नाकाखाली धरली. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, हे पेटीत, आणि पेटीतही पिशवीत बांधून.

पैशांचं थोडक्यात. वार्षिक पास ८० डॉलरचा, गाडीतल्या सगळ्यांसाठी, तीन उद्यानांत वसूल होतो. मूल चौथीत असेल तर त्या वर्षी त्याचा पास फुकट मिळतो, आम्ही २०२२ ला त्यावरच निघालो होतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले ६२ वर्षांवरचे असतील तर ८० डॉलरमध्ये आजन्म पास. पण यंदा, १ जानेवारी २०२६ पासून, बाहेरदेशाच्या पाहुण्यांचे नियम बदललेत, आणि ते आपल्या आई-बाबांना लागतात. ८० डॉलरच्या पासला अमेरिकेतलं सरकारी ओळखपत्र हवं, पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा. पास नसेल तर अकरा गर्दीच्या उद्यानांत १६ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या फीवर आणखी १०० डॉलर. येलोस्टोन, टीटन, ग्लेशियर, ग्रँड कॅन्यन, झायन ही सगळी त्यात आहेत. बॅडलँड्स नाही. निघण्याच्या आठवड्यात उद्यानाच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा नियम बघा.

गॅसबद्दल, म्हणजे पेट्रोलबद्दल, एकच. न्यू जर्सीत ते पंपावरचा माणूसच भरून देतो. पेनसिल्व्हेनियाची हद्द ओलांडली की आपण न्यू जर्सीवाले पंपावर गाडीतच बसून राहतो, कोणीतरी येईल म्हणून. कोणी येत नाही. पुढे वायोमिंगकडे सगळ्यांत स्वस्त नळीवर ऑक्टेनचा आकडा ८७ ऐवजी ८५ लिहिलेला असतो. गाडीच्या पुस्तकात ८७ असेल तर ८७ च भरा. टाकी निम्मी झाली की भरायची. फोनला रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवायचे.

एवढ्या तयारीनंतरही बुकिंग लवकर करावं लागतंच. येलोस्टोनच्या आतल्या खोल्या वर्षभर आधी जातात. आम्ही या जूनमध्ये यूटाला चाललोय, आई पुन्हा येतायत. यंदाचं एक्सेल मी केलेलं नाही, मुलीनं केलंय. ती आता सोळाची आहे. त्यात एकच रंग आहे, एका गावात सलग पाच रात्री आहेत, आणि सामानाच्या यादीत पाण्याच्याही आधी, पहिल्या ओळीत लिहिलंय: आजीची खुर्ची. ती डिकीत कुठे बसवायची यावरून काल रात्री घरात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.