साईझ ऑन डिस्क शून्य, मग फाईल आहे कुठे?

नोटपॅडमध्ये चार शब्द लिहा, सेव्ह करा आणि त्या फाईलच्या प्रॉपर्टीज उघडा. साईझ दिसेल वीसेक बाईट, आणि त्याच्याच खाली साईझ ऑन डिस्क शून्य. फाईल उघडते, वाचता येते, तरी जागा शून्य, मग ती आहे कुठे?

आधी ब्लॉकचं बघू. डिस्कवरची जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांनी वाटली जाते, साधारण ४०९६ बाईटचा एक तुकडा, विंडोजमध्ये त्याला क्लस्टर म्हणतात. फाईल १०० बाईटची असली तरी अख्खा तुकडा तिच्या नावावर, उरलेली जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. अशा १० लाख फायली धरा, डेटा १०० एमबी, आणि डिस्कवर गेले ४ जीबी!

एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाईल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत), काय करतं, तर प्रत्येक फाईलची नोंद मास्टर फाईल टेबलमध्ये असतेच, नाव, तारखा, परवानग्या वगैरे, आणि ही नोंद बहुतेक वेळा १०२४ बाईटची. एवढं लिहूनही त्यात साधारण ७०० बाईट मोकळे राहतात, मग फाईल तेवढ्यात मावत असेल तर तिचा मजकूर तिथेच, नोंदीच्या पोटात. वेगळा क्लस्टर घेतलाच नाही, म्हणून ते शून्य.

मला यात जागेपेक्षा वेग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण फिरत्या हार्ड डिस्कवर डेटा वाचणाऱ्या हेडला एकदा नोंदीकडे आणि परत डेटाकडे जावं लागतं, इथे नोंद वाचली की मजकूर हातात आलेलाच असतो.

लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाईल सिस्टीममध्ये आयनोड, म्हणजे तिथली फाईलची नोंद, साधारण २५६ बाईटचाच, त्यामुळे तिथे फार थोडं मावतं आणि ते फीचर आधी चालू करावं लागतं. पण ६० बाईटच्या आतली सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी छोटी फाईल) मात्र तशीही आयनोडमध्येच बसते. लिनक्सचीच दुसरी फाईल सिस्टीम बीटीआरएफएस जास्त सढळ, डीफॉल्टने २०४८ बाईटपर्यंतचा डेटा मेटाडेटात, म्हणजे फायलींच्या नोंदींतच, ठेवते, फक्त मेटाडेटाच्या दोन कॉप्या ठेवायची सेटिंग असेल तर ती छोटी फाईलही दोनदा लिहिली जाते, हे लक्षात ठेवा.

आता परत त्या नोटपॅडच्या फाईलकडे या. अजून मजकूर टाकत जा आणि दर वेळी सेव्ह करून प्रॉपर्टीज बघा, ७०० च्या आसपास नोंदीतली जागा संपते, मजकूर बाहेर क्लस्टरमध्ये जातो आणि त्या शून्याचे एकदम ४ केबी होतात.