बॅरी फिट्झजेराल्ड : दिवसा कचेरी, रात्री ॲबी

(पडद्यावर : ‘द क्वाएट मॅन’ या चित्रपटातलं स्टेशनचं दृश्य)

हे बॅलीग्लुनिन स्टेशन. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे काउंटीतलं. चित्रीकरण १९५१च्या उन्हाळ्यातलं. गाडीतून उतरलेला हा उंचापुरा पाहुणा म्हणजे जॉन वेन. त्याला इनिसफ्री गावाला जायचंय. त्याने वाट विचारली मात्र, अख्खं स्टेशन गोळा झालं. जो तो काहीतरी सांगतोय, फक्त वाट तेवढी कुणी सांगत नाही. आणि आता हा बघा. मागून आलेला, हॅट घातलेला, ठेंगणा म्हातारा. कुणाशी हुज्जत नाही. पाहुण्याच्या बॅगा उचलल्या आणि निघाला.

हा बॅरी फिट्झजेराल्ड. जगाने त्याला ओळखलं ते असंच, हॉलिवूडमधला मिश्कील आयरिश म्हातारा म्हणून.

चित्र इथे थांबवू या. ही टोपलीवाली बाई मे क्रेग. हा इंजिन ड्रायव्हर एरिक गॉर्मन. ही दोघं आणि बॅरी १९२६ साली डब्लिनमध्ये एका नाटकात एकत्र होती. त्या नाटकाच्या प्रयोगात प्रेक्षक थेट रंगमंचावर चढून आले होते. स्टेशनवरचा हा म्हातारा त्या रंगमंचावर घडला. नाटकाचे प्रयोग चित्रित करून ठेवायची तेव्हा पद्धत नव्हती. त्यामुळे तो रंगमंच दाखवायचा तर रस्ते, फोटो आणि छापील कागद यांवरच भिस्त ठेवावी लागते.

(पडद्यावर : वॉलवर्थ रोड, पोर्टोबेलो)

डब्लिनचा पोर्टोबेलो भाग. लाल विटांची, एकमेकांना चिकटून उभी असलेली घरं. या भागात ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती होती. याच रस्त्यावरच्या जुन्या सिनेगॉगमध्ये आज आयरिश ज्यू म्युझियम आहे. आणि याच रस्त्यावर १० मार्च १८८८ रोजी विल्यम जोसेफ शील्ड्सचा जन्म झाला. घर प्रॉटेस्टंट. वडील अडॉल्फस कामगार चळवळीतले, आई मूळची जर्मन. विल्यमनंतर आठ वर्षांनी धाकटा भाऊ आर्थर जन्मला. या दोघा भावांची गोष्ट वेगवेगळी सांगता येत नाही, म्हणून आर्थर मध्ये मध्ये येत राहील.

१९११मध्ये विल्यम सरकारी नोकरीत चिकटला. कचेरी होती बेरोजगारांची. काम सुटलेल्या, काम न मिळणाऱ्या माणसांच्या नोंदी ठेवायच्या. पगार बेताचा, पण दर महिन्याचा.

(पडद्यावर : ॲबी थिएटरची जुनी छायाचित्रं)

आणि ही ती वास्तू. ॲबी थिएटर, स्थापना डिसेंबर १९०४. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचं सभागृह आणि त्याला लागून असलेलं शहराचं जुनं शवागार, या दोन्ही इमारती एकत्र करून हे थिएटर उभं राहिलं. पैसा घातला ॲनी हॉर्निमन या इंग्रज बाईंनी. सूत्रं होती कवी येट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्याकडे. रंगमंच लहान, खुर्च्या पाचशेच्या थोड्या वर. पडदा उघडण्याआधी गाँगचे टोले पडत.

इथल्या अभिनयाची एक शिस्त होती. फ्रँक आणि विली फे या भावांनी ती सुरुवातीलाच घालून दिली होती. जो बोलतोय त्याच्याकडे प्रेक्षकांचं लक्ष राहिलं पाहिजे. बाकीच्यांनी जागच्या जागी स्थिर राहायचं. उगाच हातवारे नाहीत, येरझारा नाहीत. फे बंधू १९०८मध्ये ॲबी सोडून गेले, पण शिस्त मागे राहिली. आता स्टेशनचं ते दृश्य पुन्हा मनात आणा. भोवती एवढा गलबला, आणि हा माणूस किती कमी हलतो! ते वळण इथलं आहे.

विल्यम हौशी मंडळांतून नाटकं करत ॲबीपर्यंत पोचला. सरकारी नोकराचं नाव नाटकाच्या जाहिरातीत वरिष्ठांच्या डोळ्यांवर यायला नको, म्हणून त्याने दुसरं नाव घेतलं. बॅरी फिट्झजेराल्ड. ॲबीतल्या सुरुवातीच्या एका भूमिकेत त्याला अवघे चार शब्द बोलायचे होते. ते त्याच्या तोंडून उलटसुलट बाहेर पडले आणि प्रेक्षागृहात हशा उसळला, असं सांगतात. १९१९मध्ये लेडी ग्रेगरींच्या ‘द ड्रॅगन’ नाटकात मोठी भूमिका मिळाली, तेव्हा लोकांनी त्याची खरी दखल घेतली.

तरी नोकरी सुटली नाही. दिवसा कचेरी, रात्री तोंडाला रंग. एक-दोन वर्षं नाही, १९२९पर्यंत. ॲबीतला तो एकटाच असा नव्हता, गॅब्रिएल फॅलनही सरकारी नोकरी सांभाळून तिथे उभा राहायचा. या माणसांना हौशी म्हणावं तर त्यांच्या कामाला जगात तोड नव्हती, व्यावसायिक म्हणावं तर घर नाटकावर चालत नव्हतं.

(पडद्यावर : जनरल पोस्ट ऑफिस, खांबांवरच्या गोळ्यांच्या खुणा)

हे डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस. एप्रिल १९१६. ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला, तेव्हा क्रांतिकारकांचं मुख्य ठाणं इथे होतं. ॲबीची बरीच माणसं उठावात होती. नट शॉन कॉनोली पहिल्याच दिवशी सिटी हॉलवर मारला गेला. धाकटा आर्थर शील्ड्स हाती रायफल घेऊन लढला. शरणागतीनंतर वेल्समधल्या फ्राँगॉखच्या बंदिवासात गेला, आणि सुटल्यावर परत ॲबीत येऊन भूमिका करू लागला. थिएटरच्या आत या मंडळींच्या नावांची पाटी आहे.

(पडद्यावर : डब्लिनच्या चाळवजा जुन्या इमारती)

शॉन ओकेसी अशा वस्तीतल्या माणसांचा नाटककार. अंगमेहनतीची कामं केलेला. त्याचं ‘ज्युनो अँड द पेकॉक’ ३ मार्च १९२४ रोजी ॲबीत आलं. ज्युनो होती सारा ऑलगुड. तिचा नवरा कॅप्टन बॉइल म्हणजे बॅरी, आणि बॉइलचा पिण्यातला साथीदार जॉक्सर म्हणजे एफ. जे. मॅककॉर्मिक. कॅप्टन बॉइल हा कामाचं नाव निघालं की पाय दुखायला लागणारा माणूस. दिवसभर बेरोजगारांच्या नोंदी करणारा कारकून रात्री हा बॉइल होत असे. टेबलापलीकडच्या माणसांचं उभं राहणं, सबबी सांगणं, मान वर करून बोलणं, हे सगळं त्याच्या नजरेखालून वर्षानुवर्षं गेलं होतं. ती नजर बॉइलमध्ये उतरली असणार, असं मला ठामपणे वाटतं. बॅरी आणि मॅककॉर्मिक ही जोडी ज्यांनी पाहिली, ते पुढे आयुष्यभर तिच्याबद्दल बोलत राहिले.

(पडद्यावर : वर्तमानपत्रांची कात्रणं, फेब्रुवारी १९२६)

दोन वर्षांनी ओकेसीचं पुढचं नाटक आलं, ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’. विषय तोच, १९१६चा उठाव. पण पाहिलेला चाळीतल्या गरिबांच्या बाजूने. दुसरा अंक दारूच्या गुत्त्यात घडतो. बाहेर सभा चालू आहे, भाषणाचे तुकडे खिडकीतून आत येताहेत. आत एक वेश्या आहे, आणि फ्लदर गुड नावाचा सुतार. फ्लदरच्या भूमिकेत बॅरी. एवढ्यात सभेतले सैनिक झेंडे घेऊन गुत्त्यात शिरतात. आयर्लंडचा तिरंगा हातात असतो लेफ्टनंट लँगनच्या. ती भूमिका कुणाची होती? आर्थर शील्ड्सची. उठावात खरोखर लढलेला माणूस नाटकात तिरंगा घेऊन गुत्त्यात येत होता, आणि त्याचा सख्खा भाऊ तिथेच फ्लदर म्हणून उभा होता.

११ फेब्रुवारी, गुरुवार. प्रेक्षागृहात आरडाओरडा सुरू झाला. निषेध करणाऱ्यांत हॅना शीही-स्केफिंग्टन होत्या. त्यांच्या पतीला १९१६मध्ये ब्रिटिश सैन्याने खटल्याशिवाय गोळ्या घालून मारलं होतं. त्यांचा राग खरा होता, हे म्हटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लोक रंगमंचावर चढले. नटांशी झटापट झाली. बॅरीने एकाला जोरदार ठोसा दिला. येट्स पुढे येऊन बोलले. गोंगाटात शब्द ऐकू गेले नाहीत, पण त्यांनी भाषण वर्तमानपत्राकडे आधीच पोचवलं होतं. पोलीस आले आणि प्रयोग पूर्ण झाला. त्याच आठवड्यात काही बंदूकधारी बॅरीला उचलून न्यायला घरी गेले. तो तिथे नव्हता. त्यानंतरही नाटक चालूच राहिलं, आणि कचेरीही.

(पडद्यावर : लंडन, नंतर हॉलिवूडची स्थिरचित्रं)

१९२९. ओकेसीच्या ‘द सिल्व्हर टॅसी’चा प्रयोग लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये ठरला. ॲबीने ते नाटक नाकारलं होतं. त्यातल्या भूमिकेसाठी बॅरीने नोकरी सोडली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. पुढे ॲबीचे अमेरिकेतले दौरे झाले, आणि १९३६मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्डने ‘प्लाऊ’चा चित्रपट केला तेव्हा फ्लदर म्हणून बॅरीलाच बोलावलं. तो हॉलिवूडमध्येच राहिला. आर्थरही आला, सारा ऑलगुडही.

हा प्रसंग ‘गोइंग माय वे’मधला, १९४४. म्हाताऱ्या कॅथलिक पाद्र्याच्या वेशात हा प्रॉटेस्टंट घरातला नट. या एकाच भूमिकेसाठी त्याला प्रमुख आणि सहाय्यक अशी ऑस्करची दोन्ही नामांकनं मिळाली. सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक त्याला मिळालं, प्रमुख अभिनेत्याचं त्याच चित्रपटाच्या बिंग क्रॉसबीला. मग असं पुन्हा होऊ नये म्हणून नियम बदलला. युद्धामुळे तेव्हाचे पुतळे प्लास्टरचे होते. घरात गोल्फची काठी फिरवताना बॅरीच्या पुतळ्याचं मुंडकं उडालं. १९४४मध्येच त्याच्या गाडीच्या धडकेत एका बाईचा जीव गेला. खटल्यात तो निर्दोष सुटला.

(पडद्यावर : काँग गावचा रस्ता, मग जळालेलं ॲबी)

१९५१च्या उन्हाळ्याकडे परत येऊ. मेयो काउंटीतल्या काँग गावात ‘द क्वाएट मॅन’चं चित्रीकरण झालं. आर्थर या चित्रपटात प्रॉटेस्टंट धर्मगुरू आहे. त्याच्या बायकोच्या भूमिकेत आयलीन क्रो, तीही ॲबीची. नायिका मॉरीन ओहारासुद्धा ॲबीतच शिकलेली. हॉलिवूडच्या पैशात ॲबीचीच मंडळी पुन्हा एकत्र आली होती.

त्याच वर्षी जुलैच्या १७ तारखेला ॲबीत ‘प्लाऊ’चाच प्रयोग झाला. रात्री थिएटरला आग लागली. लगेच दुसऱ्या संध्याकाळी मंडळींनी शेजारच्या छोट्या पीकॉक थिएटरात तेच नाटक केलं. नंतर पंधरा वर्षं ॲबीचा मुक्काम क्वीन्स थिएटरमध्ये होता. जुन्याच जागेवर नवी इमारत १८ जुलै १९६६ रोजी उघडली.

(पडद्यावर : डीन्सग्रेंज दफनभूमी)

बॅरीला ती पाहायला मिळाली नाही. आजारी अवस्थेत तो डब्लिनमध्ये होता, आणि ४ जानेवारी १९६१ रोजी तिथेच गेला. इथे डीन्सग्रेंजला त्याला पुरलं. १९७०मध्ये आर्थर कॅलिफोर्नियात वारला. त्याचा देह आयर्लंडला आणून, शवपेटीवर तिरंगा घालून, लष्करी इतमामात इथेच पुरण्यात आला.

शील्ड्स कुटुंबाची कागदपत्रं आता गॉलवे विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. ॲबीच्या दप्तराचं डिजिटल रूपही त्याच विद्यापीठात आहे. स्टेशनवरचं ते दृश्य आवडणाऱ्यांपैकी कुणी कधी गॉलवेला गेलं, तर त्यांनी तिथे जावं आणि बॅरीच्या नोकरीच्या काळातली ॲबीची कार्यक्रमपत्रं मागावीत.