सायलेन्सरमधलं नाक

मघाशी चहाच्या वेळी एका चालकबंधूंनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. डॅशबोर्डवर पेटलेला पिवळा दिवा, धूर साफ करणाऱ्या यंत्रणेत काही बिघडलं की लागतो तो. त्यांचा प्रश्न होता, "सर, हा कायमचा बंद कसा करायचा?" धुराचा फिल्टर आतून कापून देणारे, सेन्सरऐवजी खोटा आकडा पाठवणारी डबी बसवून देणारे लोक आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आज त्या दिव्यामागे काय चाललेलं असतं ते सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६, म्हणजे वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे भारत स्टेज-६ नियम, लागू झाले. मधली बीएस-५ ची पायरी आपण गाळली. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं. जड वाहनांच्या इंजिनांना एका किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होते, ते ०.४ च्या घरात आणावे लागले. एवढी घट नुसतं इंजिन सुधारून होत नाही. त्यामुळे जिथे साधा सायलेन्सर होता तिथे आता छोटा रासायनिक कारखानाच बसला आहे: काजळी अडवणारा फिल्टर, पुढे युरियाचा फवारा, ज्याचा गरम धुरात अमोनिया होतो, आणि त्यापुढे त्या अमोनियाकडून नायट्रोजन ऑक्साइड मोडून घेणारा उत्प्रेरक. आणि कारखाना म्हटला की पहारेकरी हवेतच.

त्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात नाजूक पहारेकरी म्हणजे नॉक्स, अर्थात नायट्रोजन ऑक्साइड, मोजणारा सेन्सर. याचं काम मला अजूनही थक्क करतं. आत झिर्कोनियाची बोटाएवढी चिनी मातीसारखी पट्टी असते. ती सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवली, की तिच्यातून प्राणवायूचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आरपार जाऊ लागतात. पट्टीत दोन कप्पे. पहिल्या कप्प्यात धुरातला मोकळा प्राणवायू विजेच्या जोरावर बाहेर काढून टाकतात. दुसऱ्या कप्प्यात उरलेलं नायट्रिक ऑक्साइड फोडतात, आणि त्यातून सुटलेला प्राणवायू मोजतात. म्हणजे हे नाक नायट्रोजन ऑक्साइडचा थेट वास घेतच नाही, त्याचे तुकडे करून मोजतं. तो विद्युतप्रवाह इतका बारीक असतो की त्याची मोजणी करणारा छोटा डबा सेन्सरच्या वायरलाच जोडून दिलेला असतो.

आता यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. गरम पट्टीवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते. म्हणून थंड गाडी सुरू केल्यावर पाइपातलं पाणी वाळेपर्यंत सेन्सर स्वतःला तापवत नाही; तेवढा वेळ त्याचा आकडा येत नाही, ते बिघडलेपण नव्हे. आणि गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा तिथे मारू नका. दुसरी गोष्ट, या नाकाला अमोनियाही नॉक्ससारखाच वाटतो. युरिया जास्त पडला, तर उरलेल्या अमोनियामुळे उत्प्रेरकाच्या मागचा सेन्सर "नॉक्स वाढलं" म्हणून ओरडतो. अशा वेळी सेन्सर बदलून काही होत नाही. युरिया सोडणारा नोझल तपासावा लागतो.

युरियाचंच बोलायचं तर टाकीत ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी असं द्रावण असतं. हे प्रमाण उगाच नाही. याच प्रमाणात ते सगळ्यात खाली, उणे ११ अंशांना, गोठतं. लेहला जाणाऱ्यांना ते कामाचं, आपल्याला उष्णतेची काळजी. ३० अंशांखाली ठेवलेला कॅन वर्षभर टिकतो, ३५ अंशांवर सहा महिनेच. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये मे महिनाभर पडून राहिलेला कॅन किती दिवस चांगला राहील, हे तुम्हीच ठरवा. शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून ओतणारेही भेटले आहेत. त्या पाण्यातले क्षार नोझलमध्ये आणि उत्प्रेरकावर बसतात, आणि मग खर्च युरियाच्या बचतीच्या कितीतरी पट होतो.

काजळीच्या फिल्टरचा पहारेकरी मात्र साधा. फिल्टरच्या आधी एक नळी, नंतर एक नळी, आणि दोन्हींतल्या दाबाचा फरक मोजणारा सेन्सर. फरक वाढला म्हणजे फिल्टर भरला. मग इंजिन जादा डिझेल जाळून फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी जाळतं. घाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकचा फिल्टर बराचसा आपोआप साफ होतो. गावात दूध वाटणाऱ्या टेम्पोचा धूर तेवढा तापतच नाही, म्हणून तिथे दिवा वारंवार लागतो. मी पाहिलेल्या अशाच एका टेम्पोचा दाबाचा सेन्सर दोनदा बदलला होता. खरं कारण होतं उष्णतेने कडक होऊन चिरलेली रबरी नळी! फिल्टरवर खर्च करण्याआधी या नळ्या हाताने चाचपून पाहा.

दिवा पेटल्यावर पुढे काय होतं? युरोपच्या युरो-६ नियमांत, ज्यांच्या साच्यावर आपलं बीएस-६ उभं आहे, पायऱ्या आहेत. टाकीत १० टक्के युरिया उरला की सूचना. तो २.५ टक्क्यांवर आला की इंजिनाचा जोर २५ टक्क्यांनी कमी. टाकी रिकामी झाली, तर पुढच्या टप्प्यात गाडी ताशी २० किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. द्रावण खोटं निघालं तर १० तासांनी पहिली शिक्षा, २० तासांनी दुसरी. ही कडक तरतूद चालकाला छळायला नाही. युरियाशिवाय गाडी चालते, ओढते, आणि चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणूनच जाणवेल असं काहीतरी घडवावं लागतं.

२०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं. चाचणीत स्वच्छ ठरणाऱ्या त्या गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नॉक्स सोडत होत्या. खोटा आकडा पाठवणारी तुमच्या बाजारातली डबी तेच करते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा म्हणून नोंदवला. तो धूर आधी कुणाच्या छातीत जातो? दिवसभर वाहनतळावर उभ्या असलेल्या क्लीनरच्या, खड्ड्यात उतरून काम करणाऱ्या मेकॅनिकच्या.

फोटो दाखवणारे भाऊ मागे बसले आहेत. गाडी बाहेर उभी असेल, तर जेवणाआधी त्या दोन नळ्या आपण मिळून पाहून घेऊ. टॉर्च मी आणला आहे.