वटवाघळांना पाणी पाजायचं कसं?

मंडळी, एप्रिल-मे लागला की फोन सुरू होतात. ‘भाऊ, चिंचेखाली वटवाघळं पडताहेत.’ भुसावळ-जळगावात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. मोठं फळवटवाघूळ तेव्हा पंखांनी वारा घेतं, धापा टाकतं, अंगाला लाळ फासतं. एवढ्यानंही भागलं नाही की झाडावरून गळतं.

मग आपली पोरं झाडाखाली परळ भरून ठेवतात. चिमण्यांची सोय होते, वटवाघळांची नाही. ते उडता उडता पाण्याला पोट घासून जातं आणि फांदीला लटकून ओली लव चाटतं. त्याला झेप घ्यायला मोकळी जागा असलेलं उघडं पाणी लागतं. मे महिन्यात गिरणेच्या, पांझरेच्या पात्रात काय उरतं ते तुम्हाला मी काय सांगू? उरतं शेततळं. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की आत पडलेला जीव वर चढूच शकत नाही. म्हणून काठाला जाड दोर नाहीतर गोणपाट बांधून पाण्यात सोडून ठेवा. खारीला, सापालाही त्याचा उपयोग होतो.

दुसरं काम झाडाचं. हा थवा वर्षानुवर्षं त्याच वडा-चिंचेवर राहतो आणि मादीला एका वेताला बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. कार्यकर्त्याचा बराच वेळ झाडमालकाच्या ओट्यावर चहा पिण्यात जातो, आणि तो वाया जात नाही. घाण होते, वास येतो, कलकलाट असतो ही त्याची तक्रार खरीच आहे. ती आधी ऐकून घ्यावी.

केळीचं विचाराल, तर रावेर-यावलचे घड आपण हिरवेच कापतो. वटवाघळाला पिकलेलं फळ लागतं. पेरू-चिकूच्या बागेत नुकसान होतं, नाही म्हणत नाही. पण सातपुड्यातल्या मोहाचं परागीभवन हीच करतात, बियाही दूरवर नेऊन टाकतात. धडगाव-अक्कलकुव्यात मोहफुलांवर किती घरं चालतात, हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. तरीही 1972च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी ठरली होती. ती यादीच 2022च्या दुरुस्तीनं काढून टाकली. पन्नास वर्षं लागली!

आता निपाह. 2018 साली केरळात साथ आली, पुढे महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि झाडं तोडा म्हणणाऱ्यांना निमित्त मिळालं. झाड तोडलं की थवा बिथरून गावभर पांगतो, हे कोणी लक्षात घेत नाही. त्यापेक्षा उष्टं, दात लागलेलं फळ खाऊ नका. पडलेल्या पिल्लाला उघड्या हातानं उचलू नका, कितीही दया आली तरी. चावलं तर रेबीजची भीती असते. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत कुत्री हाकला.